यकृतप्रत्यारोपणानंतर आकसलेली धमनी : फुगा, स्टेंट की पुन्हा टाके?

मुंबईच्या उपनगरांत यकृतप्रत्यारोपण ही आता पहिल्या पानावरची बातमी राहिलेली नाही. अंधेरीला चार बंगल्याजवळ २००९ साली सुरू झालेलं कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय आणि मुलुंडला गोरेगाव-मुलुंड लिंक रोडवरचं फोर्टिस, दोन्हीकडे ही शस्त्रक्रिया होते. एके काळी त्यासाठी दिल्ली किंवा चेन्नई गाठावी लागे. देशातलं पहिलं यशस्वी यकृतप्रत्यारोपणही दिल्लीतच झालं, १९९८ साली. तेव्हा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. तो लागू करणाऱ्या सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते.

पेशंटच्या घरात चर्चा असते ती डोनर कोण, पैसे कुठून आणायचे, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज कोण घेऊन जाणार याची. ऑपरेशन पार पडलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. आणि मग कधी तरी, दुसऱ्या आठवड्यात किंवा पाचव्या महिन्यात, डॉक्टर सांगतात, ‘आर्टरी जरा बारीक झाली आहे, अँजिओग्राफी करावी लागेल.’ हृदयाची अँजिओग्राफी माहीत असते. यकृताची कशाला, हा प्रश्न बहुतेकांना तिथे पहिल्यांदा पडतो. या लेखात त्या प्रश्नाचा आढावा आहे: धमनी का आकसते, ते कळतं कसं, उपाय कोणते आणि त्या उपायांच्या मागे पुरावा किती.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. आतड्यांकडून येणारी पोर्टल व्हेन सुमारे तीन चतुर्थांश रक्त आणते, धमनी उरलेलं एक चतुर्थांश. नुसता हिशेब पाहिला तर धमनी दुय्यम वाटेल. पण यकृताच्या आतल्या पित्तनलिकांना पोसते ती जवळपास एकटी धमनीच. मूळच्या यकृताभोवती लहानसहान रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, मुख्य धमनी अडली तरी ते काही काळ निभावून नेतं. प्रत्यारोपित यकृताचे हे सगळे धागे काढतानाच कापलेले असतात. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याची सारी भिस्त शल्यविशारदाने घातलेल्या त्या एका सांध्यावर असते. धमनी आकसली, रक्त कमी पडलं, की आधी पित्तनलिका वाळतात, जागोजागी अरुंद होतात, पित्त साचतं, गळू होतात, थंडी वाजून ताप येतो. यकृताच्या पेशी बऱ्याचदा शेवटपर्यंत तग धरतात, म्हणून रक्ततपासणीचे आकडे बराच काळ फसवे राहू शकतात.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त टोकदार होण्याचं कारण आहे जिवंत डोनर. अमेरिका-युरोपात बहुतांश यकृतं मेंदूमृत दात्यांकडून येतात. तिथे संपूर्ण यकृत मिळतं, त्याच्यासोबत धमनीची लांब शेपटी मिळते, प्रसंगी महाधमनीचा लहानसा तुकडाही कापून घेता येतो, म्हणजे सांधा ऐसपैस होतो. भारतात बहुसंख्य प्रत्यारोपणं घरातल्या माणसाने दिलेल्या यकृताच्या तुकड्यावर होतात.  डोनरला धोका पोहोचू नये म्हणून धमनीचा फक्त उजवा किंवा डावा फाटा घेतला जातो, तोही आखूड. त्याचा व्यास दोन-तीन मिलिमीटर, लहान मुलांच्या बाबतीत त्याहून कमी. केसाहून बारीक दोऱ्याने तो पेशंटच्या धमनीला शिवायचा. जपानमध्ये क्योतोच्या गटाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या कामासाठी ऑपरेशनचा सूक्ष्मदर्शक वापरायला घेतला आणि धमनी बंद पडण्याचं प्रमाण खाली आलं. आज आपल्याकडे कुणी सूक्ष्मदर्शकाखाली शिवतं, कुणी कपाळावरच्या भिंगांतून. दोन्ही पद्धतींनी उत्तम सांधे होतात.

तरीही सांधा आकसतो, आणि दर वेळी त्यात टाक्यांचा दोष नसतो. चिमटा लावताना धमनीचं आतलं अस्तर दुखावतं, त्यावर नंतर व्रणाची जाडी चढते. दात्याची धमनी आणि पेशंटची धमनी यांच्या मापात फरक असतो. धमनी लांब राहिली तर पीळ पडतो. नव्या यकृताला शरीर नाकारू लागलं तर धमन्यांच्या भिंतीही सुजतात. यकृताच्या कॅन्सरचा पेशंट असेल, तर प्रत्यारोपणाची वाट पाहताना त्याच्या गाठीवर धमनीतून औषध सोडण्याचे एक-दोन उपचार झालेले असतात. त्या उपचारांनी स्वतःची धमनी आधीच नाजूक झालेली असू शकते. ही शेवटची बाब पेशंटच्या जुन्या फाइलमध्ये असते, आणि ती फाइल बरेचदा दुसऱ्याच हॉस्पिटलची असते.

किती जणांना हे होतं? धमनी आकसण्याचं प्रमाण निरनिराळ्या केंद्रांच्या अहवालांत दोन टक्क्यांपासून तेरा टक्क्यांपर्यंत दिसतं. एवढी तफावत असण्याचं कारण सरळ आहे: जो जास्त वेळा पाहतो त्याला जास्त सापडतं. आकसणं आणि गुठळीने पूर्ण बंद होणं या वेगळ्या गोष्टी, पण पहिलीतून दुसरी होते. बंद होण्याबाबत २००९ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा आढावा आहे, सुमारे बावीस हजार प्रत्यारोपणांचा. त्यात लवकर बंद पडण्याचं प्रमाण मोठ्या माणसांत २.९ टक्के, मुलांत ८.३ टक्के होतं. ज्यांची धमनी बंद पडली त्यांच्यातला तिसरा हिस्सा दगावला आणि निम्म्याहून थोड्या जास्त जणांना दुसरं यकृत लागलं. हे आकडे मुख्यतः अशा देशांतले आहेत जिथे दुसरं यकृत मिळू शकतं. अमेरिकेत प्रत्यारोपणानंतर सात दिवसांच्या आत धमनी बंद पडून यकृत निकामी होऊ लागलं तर पेशंट प्रतीक्षायादीत सर्वांत वरच्या श्रेणीत जातो. मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राची यादी आहे, तातडीच्या पेशंटला प्राधान्यही आहे, पण मेंदूमृत दातेच इतके थोडे की प्राधान्य मिळूनही यकृत हाती येईलच असं नाही. आणि घरातून दुसऱ्या माणसाने पोट उघडून द्यावं, हे कुणी कुणाला सांगायचं?

म्हणून माझ्या मते हा सगळा विषय वेळेचा आहे. अरुंद धमनी फुग्याने रुंद करावी की तिच्यात स्टेंटची जाळी बसवावी, यावर परिषदांमधून जितका खल होतो त्याच्या निम्मा जरी धमनी बंद होण्याआधी सापडते कशी यावर झाला, तरी आपल्या पेशंटना त्याचा उपयोग अधिक.

सापडते ती डॉपलर सोनोग्राफीने. प्रत्यारोपणानंतरचे पहिले काही दिवस आयसीयूत रोज, कुठे दिवसातून दोनदा, मशिन पेशंटच्या खाटेशी येतं. ड्रेसिंग आणि नळ्यांच्या मधली जागा शोधून, बरगड्यांच्या फटीतून प्रोब टेकवला जातो. पेशंटला श्वास रोखायला सांगतात, त्याला टाक्यांमुळे तो धड रोखता येत नाही. पडद्यावर धमनीचा लाल ठिपका पकडायचा आणि तिची लहर काढायची. निरोगी धमनीची लहर ठोक्यासरशी उभी चढते आणि मग सावकाश उतरते. आधी कुठे तरी अडथळा असेल तर लहर बुटकी होते आणि चढायला वेळ लावते. चढण्याचा हा वेळ सेकंदाच्या आठ शतांशाहून जास्त झाला, रोधाचा निर्देशांक ०.५च्या खाली गेला, किंवा प्रत्यक्ष सांध्यावर रक्ताचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर गेला, तर संशय घ्यायचा. आकडे पाठ करणं सोपं आहे. अवघड असतं ते दोन मिलिमीटरची धमनी सुजेच्या मागे सापडणं, आणि सापडली ती मुख्य धमनी की शेजारची, हे ओळखणं. पहिल्या दोन-तीन दिवसांत सुजेमुळे आणि धमनी आकडल्यामुळे लहर उगाचच बिघडलेली दिसते आणि आपोआप सुधारते. उलट, पेशंटच्या महाधमनीपासून निघणाऱ्या मूळ फाट्यावर श्वासपटलाचा पट्टा दाबत असेल, तर सांधा निर्दोष असूनही लहर बुटकी येते.

खरी अडचण डिस्चार्जनंतर सुरू होते. पेशंट बोरिवलीला किंवा घाटकोपरला घरी येतो, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे गर्दी टाळायची असते, त्यामुळे लोकलने जाणं बंद. अंधेरी-घाटकोपर मेट्रो असो की लिंक रोडवरची कॅब, दर वेळी प्रत्यारोपण केंद्रापर्यंतची खेप नकोशी वाटते. मग रक्त तपासायला लॅबचा मुलगा घरी येतो आणि डॉपलर कोपऱ्यावरच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये होतं. सोनोग्राफी काही घरी येऊन करता येत नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने मशिन नोंदलेल्या पत्त्याला बांधलेलं असतं. सेंटरमधले डॉक्टर कुशल असतात, पण वर्षाकाठी प्रत्यारोपित यकृत त्यांच्यासमोर किती वेळा येतं? अहवालात ‘हिपॅटिक आर्टरी पेटंट’ असं एक वाक्य येतं. पेटंट म्हणजे उघडी आहे, एवढंच. किती उघडी, लहर कशी, निर्देशांक किती, हे त्यात नसतं. आकसणाऱ्या धमनीबाबत हे वाक्य जवळपास निरुपयोगी आहे, कारण बंद होण्याच्या आदल्या दिवशीही ती उघडीच असते. केंद्राने डिस्चार्ज कार्डासोबत डॉपलरमध्ये कोणते आकडे लिहून हवेत याचा एक छापील कागद द्यावा. खर्च शून्य.

डॉपलरवर संशय आला की सीटी अँजिओग्राफी. त्यात सांधा, पीळ, आकुंचन सगळं स्वच्छ दिसतं. अडचण एकच, धमनी चित्रात उठून दिसावी म्हणून दिलं जाणारं इंजेक्शनचं औषध मूत्रपिंडांवर ताण टाकतं, आणि टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी घेणाऱ्या पेशंटचं क्रिएटिनिन आधीच काठावर असतं. त्यामुळे काही केंद्रं संशय पक्का असेल तर सीटी वगळून थेट कॅथ लॅबमध्ये, म्हणजे धमनीत नळी घालून अँजिओग्राफी करतात तिथे, जातात. तिथे निदान आणि उपचार एकाच बैठकीत होतात.

आता उपचारांकडे. प्रत्यारोपणाच्या सुरुवातीच्या दशकांत, म्हणजे थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हरमध्ये पहिला प्रयत्न केला तेव्हापासून पुढे बराच काळ, धमनीच्या तक्रारीला दोनच उत्तरं होती: पोट पुन्हा उघडून सांधा नव्याने घालणं, नाही तर नवं यकृत. फुग्याची वाट दुसऱ्या खात्यातून आली. पायाच्या अरुंद धमनीत तारेवरून नळी सरकवून ती रुंद करण्याचा पहिला प्रयोग चार्ल्स डॉटर यांनी १९६४ साली पोर्टलंडला केला. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला. यकृताच्या धमनीसाठी आज वापरतात ती सामग्री बहुतांशी हृदयाचीच आहे, कारण माप तेच. अंधेरी-मुलुंडच्या ज्या कॅथ लॅबच्या कपाटातून हृदयाचा फुगा निघतो, तिथूनच यकृताचाही निघतो.

प्रक्रिया अशी: मांडीतून किंवा मनगटातून नळी महाधमनीत जाते. यकृताकडे जाणारा मूळ फाटा खालच्या दिशेने वळलेला असतो, म्हणून कधी कधी हाताकडून जाणं सोयीचं पडतं. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन दिलं जातं. त्या फाट्याच्या तोंडाशी नळी टेकवून चित्र काढतात. मग एका इंचाच्या चौदा सहस्रांश जाडीची तार आकुंचनातून पलीकडे न्यायची. सगळी कसरत इथेच. धमनी नागमोडी असते, तार टोचली तर अस्तर सोलवटतं, नुसत्या स्पर्शानेही धमनी आकडून बसते आणि नसलेलं आकुंचन दिसू लागतं. तेव्हा नायट्रोग्लिसरीन सोडून थांबायचं. तार पार झाली की तिच्यावरून फुगा. बेताच्या मापाचा फुगा घ्यायचा, कारण शिवलेला सांधा फाटला तर पोटात रक्तस्राव. तसा झालाच, तर आच्छादित स्टेंट बसवून भोक बुजवायचं किंवा थेट ऑपरेशन थिएटर.

फुगा पुरे, की सोबत स्टेंटही? २०१३ साली अनेक अहवाल एकत्र करून झालेल्या विश्लेषणात नुसता फुगा वापरलेले २६३ आणि स्टेंट बसवलेले १४७ पेशंट होते. तात्काळ यश फुग्यात ८९ टक्के, स्टेंटमध्ये ९८ टक्के. पण पुढच्या काळात दोन्ही गट जवळपास सारखेच: पुन्हा हस्तक्षेप करावा लागण्याचं प्रमाण २२ आणि २५ टक्के, पुन्हा प्रत्यारोपण २० आणि २४ टक्के. वरवर पाहता बरोबरी. पण हे आकडे जपून वाचायला हवेत. नाणेफेक करून पेशंट वाटून घेतलेला अभ्यास यात नाही. ज्यांना फुग्याने भागलं त्यांना फुगा, जिथे फुग्यानंतर धमनी पुन्हा मिटली किंवा अस्तर सोलवटलं तिथे स्टेंट, असंच बहुतेक ठिकाणी झालेलं असणार. म्हणजे स्टेंटच्या वाट्याला कठीण धमन्या जास्त गेल्या आणि तरी निकाल सारखा आला. अलीकडे औषध चढवलेले हृदयाचे स्टेंट वापरण्याकडे कल आहे, कारण पाच मिलिमीटरपेक्षा बारीक धमनीत साधा स्टेंट पुन्हा भरून येतो. एक गैरसोय मात्र कायमची: स्टेंटची जाळी सांध्यावर बसली की पुढे शल्यविशारदाला तिथे पुन्हा टाके घालणं फार जड जातं.

कधी काय करायचं, याबाबत साधारण एकमत असं आहे. पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात सांधा कच्चा असतो. तेव्हा फुगा फुगवण्यापेक्षा पोट उघडून सांधा नव्याने घालणं अनेकांना सुरक्षित वाटतं. पेशंटची धमनी वापरण्याजोगी नसेल तर जठराच्या किंवा प्लीहेच्या धमनीचा फाटा वळवून आणतात. गुठळी होऊन बंदच पडली असेल तर तासांचा हिशेब असतो. गुठळी विरघळवणारं औषध ताज्या जखमेच्या पेशंटला देणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. पहिला दीड आठवडा उलटल्यावर कॅथ लॅब. मात्र काही अनुभवी केंद्रं पहिल्या आठवड्यातही फुगा, स्टेंट करतात आणि त्यांचे निकाल वाईट नाहीत. तिथे खरा निकष म्हणजे रात्री तीन वाजता कोण हजर आहे, रेडिओलॉजिस्ट की सूक्ष्मदर्शकावर बसणारा शल्यविशारद. उपनगरात हे वास्तव आहे.

दोन प्रकारांत फुगा कामाचा नाही. धमनीला पीळ असेल तर फुगा फुगवून काढला की ती पुन्हा वळते, बागेतल्या पाण्याच्या नळीसारखी. स्टेंट घातला तर पीळ त्याच्या टोकाशी सरकतो. इथे जादा लांबी कापून पुन्हा शिवणं हाच उपाय. दुसरा प्रकार अधिक फसवा. सिरोसिसच्या पेशंटची प्लीहा मोठी असते, तिची धमनी जाडजूड. ती मूळ फाट्यातलं बहुतेक रक्त स्वतःकडे ओढते आणि यकृताची धमनी, आकसलेली नसतानाही, उपाशी राहते. डॉपलरची लहर बिघडलेली, अँजिओग्राफीत आकुंचन नाही. अशा वेळी प्लीहेच्या धमनीत कॉइल टाकून तिचा प्रवाह घटवतात आणि टेबलावरच यकृताच्या धमनीत रक्त भरताना दिसतं.

सगळ्यांत वादाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला. पेशंटला त्रास नाही, तपासण्या ठीक, सहा महिन्यांनी केलेल्या डॉपलरमध्ये धमनी अरुंद सापडली. हात लावावा का? उपचार करा म्हणणारे एका जुन्या अमेरिकी मालिकेकडे बोट दाखवतात: उपचार न झालेल्या आकुंचनांपैकी सुमारे ६५ टक्के सहा महिन्यांत बंद पडली. थांबा म्हणणारे सांगतात की ती मालिका लहान होती, आणि उशिरा आकसणाऱ्या धमनीला वेळ मिळाला तर श्वासपटलाकडून, आतड्याच्या बाजूने नव्या वाहिन्या यकृतात शिरतात आणि मुख्य धमनी बंद पडूनही काही पेशंट वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शिवाय अँजिओप्लास्टीतच धमनी फाटण्याचा, बंद पडण्याचा धोका आहे. एकूण गुंतागुंती शेकडा पंधरा-वीसच्या घरात नोंदल्या गेल्या आहेत. माझा कल असा: जिथे दुसरं यकृत मिळण्याची शक्यता नगण्य, तिथे पहिल्या वर्षात सापडलेलं ठळक आकुंचन रुंद करावं. वर्ष उलटून गेलं असेल, नव्या वाहिन्या सीटीत दिसत असतील आणि पित्तनलिका नीट असतील, तर लक्ष ठेवून थांबणं रास्त.

पित्तनलिकांचा उल्लेख केला, तेव्हा एक क्रम सांगायलाच हवा. जिवंत डोनरच्या प्रत्यारोपणात पित्तनलिकेचा सांधाही वारंवार अरुंद होतो, अगदी धमनी उत्तम असताना. त्यामुळे पेशंट पिवळा झाला की पटकन एंडोस्कोपीने नलिकेत नळी टाकली जाते, कावीळ उतरते, सगळे निश्चिंत. धमनी कुणी पाहिलेलीच नसते. तीन महिन्यांनी नळी बदलताना नलिका आणखी वर, यकृताच्या आत, ठिकठिकाणी आकसलेल्या दिसतात. आतल्या नलिका अशा जागोजागी अरुंद होत असतील तर दोष रक्तपुरवठ्याचा असण्याची शक्यता मोठी. एंडोस्कोपीच्या आधी चांगलं डॉपलर करायला फार तर अर्धा तास जातो.

खर्चाची बाजू थोडी बरी आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटना कमाल किंमत लावली, औषध चढवलेल्यांना २९,६०० रुपये, साध्यांना ७,२६० रुपये. त्याआधी औषधवाल्या स्टेंटचं बिल लाखाच्या वर जाई. यकृताच्या धमनीत हेच स्टेंट जात असल्याने त्या निर्णयाचा फायदा या पेशंटनाही आपसूक झाला. बाकी बिल कॅथ लॅबचं, आयसीयूचं, इंजेक्शनांचं. प्रत्यारोपणासाठी घर गहाण टाकलेल्या माणसाला तेही जड जातं, आणि ते पॅकेजमध्ये धरलेलं आहे की नाही हे ऑपरेशनआधीच विचारून ठेवलेलं बरं.

स्टेंटनंतर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल काही महिने, मग बहुधा एकटी अॅस्पिरिन कायम. किती महिने, यावर केंद्रांत एकवाक्यता नाही. हृदयाच्या पेशंटचे नियम उसने घेतलेले आहेत. त्यातून एक पेच उभा राहतो. याच पेशंटला यकृताचा तुकडा तपासायला काढायचा असतो, किंवा एंडोस्कोपीत पित्तनलिकेच्या तोंडाला छेद द्यायचा असतो. त्यासाठी क्लोपिडोग्रेल पाच-सात दिवस आधी थांबवावी लागते. नवा स्टेंट असताना ती थांबवली तर गुठळीचा धोका, चालू ठेवली तर रक्तस्रावाचा. छेद न देता नुसती बारीक नळी सरकवून वेळ मारून नेणं हा एक मार्ग आहे, तुकडा काढायची तपासणी लांबवणं हा दुसरा, आणि गळ्यातल्या शिरेतून तो काढणं हा तिसरा. प्रत्येक वेळी शल्यविशारद, रेडिओलॉजिस्ट आणि एंडोस्कोपी करणारे, तिघांनी एकमेकांना फोन करून यातला एक निवडायचा असतो.